इंग्रजीतील कंजंक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वाक्ये जोडताना मराठी भाषकांना पडणारे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जो मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला आहे त्याचा क्रमांक त्या त्या ठिकाणी दिला आहे. इंग्रजी शब्द आणि उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत.

1. कंजंक्शन म्हणजे नेमके काय? मराठीतील उभयान्वयी अव्यय आणि कंजंक्शन एकच का?

जो शब्द किंवा शब्दसमूह दोन शब्दांना, दोन शब्दसमूहांना किंवा दोन वाक्यांना जोडतो आणि त्यांच्यातील नाते सांगतो, त्याला कंजंक्शन म्हणतात. 'पेन अँड पेपर' येथे दोन शब्द जोडले आहेत, तर 'ही कॉल्ड मी, बट आय वॉज असलीप' येथे दोन पूर्ण वाक्ये जोडली आहेत. मराठीतील उभयान्वयी अव्ययाचे कामही हेच असल्यामुळे दोन्ही संज्ञा एकमेकींच्या जागी वापरण्यास हरकत नाही. फरक आहे तो वागणुकीत. मराठीत 'जर-तर', 'जरी-तरी', 'जेव्हा-तेव्हा' अशा जोड्यांनी वाक्ये बांधण्याची सवय फार खोल आहे. इंग्रजीत मात्र दोन वाक्यांच्या सांध्यावर बहुधा एकच जोडशब्द पुरतो. मराठी भाषकांच्या कितीतरी चुकांचे मूळ या एका फरकात सापडते आणि पुढच्या अनेक उत्तरांत तो पुन्हा दिसेल.

2. कंजंक्शनचे प्रकार किती? एका पुस्तकात दोन, दुसऱ्यात तीन, तर तिसऱ्यात चार लिहिले आहेत.

मूळ भेद दोनच आहेत. जोडलेले दोन्ही भाग समान दर्जाचे असतील तर कोऑर्डिनेटिंग कंजंक्शन, आणि एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असेल तर सबऑर्डिनेटिंग कंजंक्शन. मराठी व्याकरणात ज्यांना प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक अव्यये म्हणतात, तेच हे दोन गट होत. पहिल्यामुळे संयुक्त वाक्य तयार होते, दुसऱ्यामुळे मिश्र वाक्य.

तिसरा प्रकार म्हणून 'ईदर-ऑर', 'बोथ-अँड' यांसारख्या जोडीने येणाऱ्या कोरिलेटिव्ह कंजंक्शनची गणना होते. काही पुस्तके 'ॲज सून ॲज', 'इन ऑर्डर दॅट', 'प्रोव्हायडेड दॅट' अशा अनेक शब्दांच्या कंजंक्शनना कंपाउंड कंजंक्शन म्हणून चौथा प्रकार मानतात. तथापि तिसरा आणि चौथा हे भेद शब्दाच्या रूपावरून केलेले आहेत, कामावरून नव्हे. 'ॲज सून ॲज' हे काम पाहता सबऑर्डिनेटिंगच आहे. म्हणून प्रकारांची संख्या कोणत्या पुस्तकात किती आहे, यावरून गोंधळून जाण्याचे कारण नाही. समोरच्या वाक्यात जोडलेले भाग समान आहेत की नाहीत, हा प्रश्न आधी विचारावा.

3. 'फॅनबॉईज' पाठ केले की कोऑर्डिनेटिंग कंजंक्शन संपली का?

फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो या 7 शब्दांच्या आद्याक्षरांवरून ही खूण तयार झाली आहे. ती लक्षात ठेवायला सोयीची आहे, पण या सातही शब्दांची वागणूक सारखी नाही, हे ती सांगत नाही.

खरी निःसंशय कोऑर्डिनेटिंग कंजंक्शन म्हणजे 'अँड', 'ऑर' आणि 'बट'. ती शब्दही जोडतात आणि वाक्येही. 'सो' आणि 'फॉर' दोन नामे जोडू शकत नाहीत, केवळ वाक्ये जोडतात. 'सो' आणि 'येट' यांच्या आधी आणखी एक 'अँड' चालतो. 'अँड सो', 'अँड येट' हे शुद्ध इंग्रजी आहे, मात्र 'अँड बट' कधीच होत नाही. यावरून 'सो' आणि 'येट' यांच्यात क्रियाविशेषणाचा अंश शिल्लक आहे हे दिसते. 'नॉर' ने वाक्य जोडले की त्यापुढे सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: 'शी डिड नॉट कॉल, नॉर डिड शी राइट.' ही उलटापालट विसरली की वाक्य अशुद्ध होते.

4. एखादे कंजंक्शन कोऑर्डिनेटिंग आहे की सबऑर्डिनेटिंग, हे अर्थावरून ओळखता येते का?

केवळ अर्थावरून ओळखता येत नाही. 'बट' आणि 'ऑल्दो' यांचा अर्थ जवळजवळ एकच, म्हणजे विरोधाचा आहे, तरीही एक कोऑर्डिनेटिंग आहे आणि दुसरे सबऑर्डिनेटिंग. म्हणून रचनेच्या कसोट्या लावाव्या लागतात. त्या या दोन वाक्यांवर लावून पाहू:

'वी वेंट आउट, बट इट वॉज रेनिंग.'
'वी वेंट आउट, ऑल्दो इट वॉज रेनिंग.'

पहिली कसोटी जागेची. जोडशब्दासह दुसरा भाग उचलून वाक्याच्या आरंभी ठेवावा. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट' हे उत्तम वाक्य होते. 'बट इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट' असे केले की वाक्य मोडते. ज्याचा भाग पुढे नेता येतो ते सबऑर्डिनेटिंग.

दुसरी कसोटी कर्ता गाळण्याची. 'शी केम बट डिड नॉट स्टे' येथे दुसऱ्यांदा 'शी' लिहिण्याची गरज नाही. 'शी लेफ्ट बिकॉज वॉज टायर्ड' असे मात्र चालत नाही. तेथे 'बिकॉज शी वॉज टायर्ड' असेच लिहावे लागते. कोऑर्डिनेटिंग कंजंक्शननंतर समान कर्ता गाळता येतो, सबऑर्डिनेटिंगनंतर अशा प्रकारे गाळता येत नाही.

'फॉर' या शब्दाला पहिली कसोटी लावली तर तो कोऑर्डिनेटिंग ठरतो, दुसरी लावली तर सबऑर्डिनेटिंग. तो सीमेवरचा शब्द आहे. त्याचे अधिक विवेचन प्रश्न 7 मध्ये आहे.

5. सबऑर्डिनेटिंग कंजंक्शनचे अर्थानुसार कोणते गट पडतात?

काळ दाखवण्यासाठी व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अनटिल, सिन्स, ॲज सून ॲज, कारण दाखवण्यासाठी बिकॉज, सिन्स, ॲज, अट दाखवण्यासाठी इफ, अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, विरोध दाखवण्यासाठी ऑल्दो, दो, इव्हन दो, व्हेअरॲज, हेतूसाठी सो दॅट, इन ऑर्डर दॅट, लेस्ट, तुलनेसाठी दॅन आणि ॲज, रीतीसाठी ॲज इफ, ॲज दो, स्थळासाठी व्हेअर, आणि आशय सांगण्यासाठी दॅट, व्हेदर, इफ. एकाच शब्दाचे नाव दोन गटांत आले तर ती छपाईची चूक समजू नये. 'सिन्स' काळही दाखवतो आणि कारणही, 'व्हाइल' काळही आणि विरोधही. 'सिन्स यू लेफ्ट, आय हॅव बीन लोनली' याचा अर्थ 'तू गेल्यापासून' असाही होतो आणि 'तू गेल्यामुळे' असाही. जेथे असा संशय राहू शकतो तेथे कारणासाठी 'बिकॉज' लिहिणे श्रेयस्कर.

6. 'आफ्टर', 'बिफोर', 'अनटिल' हे प्रीपोझिशन आहेत की कंजंक्शन?

दोन्ही. पुढे काय आले आहे ते पाहावे. पुढे नाम किंवा सर्वनाम आले तर प्रीपोझिशन ('आफ्टर द मीटिंग'), कर्ता आणि क्रियापद असलेले वाक्य आले तर कंजंक्शन ('आफ्टर द मीटिंग एंडेड').

हीच नजर 'बिकॉज' आणि 'बिकॉज ऑफ', 'ऑल्दो' आणि 'डिस्पाइट', 'व्हाइल' आणि 'ड्युरिंग' या जोड्यांतही लागते. प्रत्येक जोडीतील पहिला शब्द वाक्य मागतो, दुसरा नाम मागतो. त्यामुळे 'डिस्पाइट ही वॉज इल' हे चूक असून 'ऑल्दो ही वॉज इल' किंवा 'डिस्पाइट हिज इलनेस' असे हवे. 'इन स्पाइट ऑफ' मधील 'ऑफ' उचलून 'डिस्पाइट ऑफ' लिहिण्याची चूकही फार आढळते. 'डिस्पाइट' ला 'ऑफ' लागत नाही.

7. 'बिकॉज', 'सिन्स', 'ॲज' आणि 'फॉर' या चारही शब्दांचा अर्थ 'कारण' असेल तर कोणताही वापरला तरी चालेल का?

अर्थाचे वजन वेगळे आहे. कारण हीच नवी आणि महत्त्वाची माहिती असेल तर 'बिकॉज' वापरावे. 'व्हाय' ने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर केवळ 'बिकॉज' ने सुरू होऊ शकते, बाकी तिघांनी नाही. कारण ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल आणि भर परिणामावर असेल तर 'सिन्स' किंवा 'ॲज' शोभते आणि ते बहुधा वाक्याच्या आरंभी येते: 'सिन्स यू आर हिअर, लेट अस बिगिन.'

'फॉर' औपचारिक लेखनात येते, बोलण्यात जवळजवळ नाहीच. ते आधी केलेल्या विधानाचे समर्थन करते, म्हणून त्याचा भाग नेहमी नंतरच येतो. गंमतीचा भाग असा की मराठीतील 'कारण' हा शब्द जागेच्या बाबतीत 'बिकॉज' पेक्षा 'फॉर' सारखा वागतो. 'मी गेलो नाही, कारण पाऊस होता' असे आपण म्हणतो, पण 'कारण पाऊस होता, मी गेलो नाही' असे म्हणत नाही. तेथे आपण 'पाऊस असल्यामुळे' असे म्हणू. या सवयीमुळे पुष्कळ विद्यार्थी 'बिकॉज' ने वाक्य सुरू करायला कचरतात. 'बिकॉज इट वॉज रेनिंग, आय स्टेड होम' हे निर्दोष वाक्य आहे. (अपुऱ्या वाक्याची अडचण वेगळी आहे, ती प्रश्न 17 मध्ये पाहावी.)

8. 'ऑल्दो' नंतर 'बट' का चालत नाही? मराठीत तर 'जरी' नंतर 'तरी' लागतेच.

'जरी तो श्रीमंत आहे, तरी तो सुखी नाही' या वाक्यात 'जरी' गौण वाक्याची खूण आहे आणि 'तरी' मुख्य वाक्याची. मराठीत दोन्ही बाजूंना खूण करण्याची पद्धत आहे. इंग्रजीत 'ऑल्दो' ने पहिले वाक्य गौण ठरवले की दुसरे आपोआप मुख्य ठरते, आणि 'बट' ला मात्र दोन्ही बाजूंना समान दर्जाची वाक्ये हवी असतात. एकाच सांध्यावर एक वाक्य एकाच वेळी गौणही आणि समानही असू शकत नाही. म्हणून 'ऑल्दो ही इज रिच, ही इज नॉट हॅपी' किंवा 'ही इज रिच, बट ही इज नॉट हॅपी', यांपैकी एकच निवडावे.

'बिकॉज' आणि 'सो' यांनाही हाच नियम लागू आहे. 'बिकॉज आय वॉज लेट, सो आय मिस्ड द बस' यातील एक जोडशब्द काढावा लागतो. 'येट' आणि 'स्टिल' यांना मात्र थोडी सवलत आहे: 'दो ही वॉज टायर्ड, येट ही वर्क्ड' अशी रचना जुन्या आणि औपचारिक इंग्रजीत आढळते, कारण तेथे 'येट' क्रियाविशेषण म्हणून येते. 'इफ' नंतर 'देन' ही चालते, पण ते ऐच्छिक आहे आणि साध्या वाक्यात गाळलेलेच बरे.

9. 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' हे वाक्य का चूक आहे? दोन्ही गोष्टी भविष्यातच घडणार आहेत.

मराठीत 'तो येईल तेव्हा मी त्याला सांगेन' यात दोन्ही क्रियापदे भविष्यकाळी आहेत, त्यामुळे ही चूक होणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत काळ किंवा अट दाखवणाऱ्या गौण वाक्यात भविष्यासाठीही वर्तमानकाळ वापरतात: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' इफ, अनलेस, अनटिल, बिफोर, आफ्टर आणि ॲज सून ॲज या सर्वांना हा नियम लागतो.

आता अपवाद. गौण वाक्य 'मला ठाऊक नाही', 'मी विचारले' अशा क्रियापदाचे कर्म असेल तर भविष्यकाळच योग्य असतो: 'आय डू नॉट नो व्हेन ही विल कम.' येथे 'केव्हा' हा प्रश्न आहे, 'तेव्हा' ही वेळ नाही. मराठीतील 'केव्हा' आणि 'जेव्हा' हा भेद मनाशी धरला तर निर्णय चटकन होतो. दुसरा अपवाद इच्छेचा किंवा विनंतीचा: 'इफ यू विल वेट हिअर, आय विल कॉल हर' यातील पहिले 'विल' भविष्य दाखवत नाही, 'थांबण्याची तयारी असेल तर' असा सौजन्याचा अर्थ दाखवते.

10. मराठीतील प्रत्येक 'की' साठी 'दॅट' लिहावे का?

नाही. 'त्याने सांगितले की तो आजारी आहे' येथे विधान आहे, म्हणून 'ही सेड दॅट ही वॉज इल' बरोबर. पण 'त्याने विचारले की तू कुठे राहतोस' येथे प्रश्न आहे. प्रश्नार्थक शब्द स्वतःच जोडणीचे काम करतो, म्हणून 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड' असे लिहावे. 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह्ड' हे 'की' चे सरळ भाषांतर असून ते चूक आहे. अप्रत्यक्ष प्रश्नात कर्ता क्रियापदाच्या आधीच येतो, याकडेही लक्ष द्यावे. 'व्हेअर डिड आय लिव्ह' असा क्रम तेथे चालत नाही.

'चहा की कॉफी' यातील 'की' विकल्पाचा असल्यामुळे त्यासाठी 'ऑर' येते. 'तो आला की मला सांग' यातील 'की' काळाचा आहे, तेथे 'व्हेन' किंवा 'ॲज सून ॲज' लागते. एका 'की' ला इंग्रजीत इतके वेगवेगळे शब्द असल्यामुळे 'की' चे काम ओळखल्यावरच इंग्रजी शब्द निवडावा.

'दॅट' कधी गाळता येते, असेही विचारले जाते. से, थिंक, नो अशा नेहमीच्या क्रियापदांनंतर ते गाळता येते. वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून आलेले 'दॅट' गाळता येत नाही.

11. हो-नाही उत्तराच्या अप्रत्यक्ष प्रश्नात 'इफ' वापरावे की 'व्हेदर'?

'ही आस्क्ड इफ आय वॉज रेडी' आणि 'ही आस्क्ड व्हेदर आय वॉज रेडी' ही दोन्ही शुद्ध आहेत. तथापि प्रीपोझिशननंतर ('अबाउट व्हेदर'), 'टू' असलेल्या क्रियारूपाआधी ('व्हेदर टू गो'), लगेच पुढे 'ऑर नॉट' असताना आणि वाक्याच्या आरंभी कर्ता म्हणून केवळ 'व्हेदर' चालते. शिवाय 'इफ' ने घोटाळा होऊ शकतो. 'लेट मी नो इफ यू आर कमिंग' याचा एक अर्थ 'येणार आहेस की नाही ते कळव' असा, तर दुसरा 'येणार असशील तरच कळव' असा होतो. पहिलाच अर्थ हवा असेल तर 'व्हेदर' लिहिल्याने तो निश्चित होतो.

12. 'अनलेस' आणि 'अनटिल' यांच्यापुढे 'नॉट' का येत नाही?

या दोन शब्दांत नकार आधीच सामावलेला आहे. 'अनलेस' म्हणजे 'नाही तर' या अर्थाची अट. 'अनलेस यू डू नॉट वर्क, यू विल फेल' असे लिहिले की अर्थ उलटतो आणि काम केल्यास नापास व्हाल असे विधान तयार होते. योग्य वाक्य 'अनलेस यू वर्क, यू विल फेल' असे होईल.

'अनटिल' ची चूक तर थेट मराठीच्या रचनेतून येते. आपण 'मी येत नाही तोपर्यंत थांब' असे म्हणतो आणि त्यातील 'नाही' इंग्रजीत उतरतो. 'वेट अनटिल आय डू नॉट कम' ऐवजी 'वेट अनटिल आय कम' हवे. मराठीतच 'मी येईपर्यंत थांब' असा पर्याय मनात आणून मग इंग्रजी लिहिले तर 'नॉट' येणार नाही. 'लेस्ट' मध्येही नकार आहे: 'ही रॅन लेस्ट ही शुड मिस द ट्रेन.' अमेरिकी इंग्रजीत 'शुड' गाळून 'लेस्ट ही मिस द ट्रेन' असेही लिहितात आणि तेथे 'मिस' ला 'एस' प्रत्यय लागत नाही.

प्रत्येक 'इफ-नॉट' च्या जागी 'अनलेस' बसते, असा समज मात्र करून घेऊ नये. 'अनलेस' चा गाभा 'अमुक झाले तर गोष्ट वेगळी, एरवी हे घडेलच' असा आहे. 'आय विल बी सरप्राइज्ड इफ ही डज नॉट विन' यात न जिंकणे हेच आश्चर्याचे कारण आहे, म्हणून तेथे 'अनलेस' बसत नाही.

13. 'सो' आणि 'सो दॅट' यांत फरक काय? दोहोंचा अर्थ 'म्हणून' असाच लिहिलेला असतो.

मराठीतील 'म्हणून' दोन कामे करतो. 'मी लवकर गेलो, म्हणून जागा मिळाली' येथे परिणाम आहे. 'जागा मिळावी म्हणून मी लवकर गेलो' येथे हेतू आहे. परिणामासाठी 'सो' वापरतात: 'आय वेंट अर्ली, सो आय गॉट अ सीट.' हेतूसाठी 'सो दॅट' वापरतात आणि त्यापुढे बहुधा कॅन, कुड, मे, माइट, विल किंवा वुड यांपैकी सहायक क्रियापद येते: 'आय वेंट अर्ली सो दॅट आय कुड गेट अ सीट.' मराठी वाक्यात 'मिळावी' असे विध्यर्थी रूप दिसले की 'सो दॅट' निवडावे.

'सो' आणि 'दॅट' यांच्यामध्ये विशेषण आले तर अर्थ 'इतका की' असा होतो: 'द बॉक्स वॉज सो हेवी दॅट आय कुड नॉट लिफ्ट इट.' मध्ये नाम आले तर 'सच' लागते: 'सच अ हेवी बॉक्स दॅट'. हेतूच्या जवळचा आणखी एक शब्द म्हणजे 'इन केस'. 'टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स' म्हणजे पाऊस येवो न येवो, खबरदारी म्हणून छत्री घ्या. 'इफ इट रेन्स' म्हटले तर पाऊस आल्यावरच छत्री घ्यायची.

14. कोरिलेटिव्ह कंजंक्शन वापरताना शब्दांची जागा कशी ठरवायची?

जोडीच्या पहिल्या शब्दानंतर ज्या प्रकारचा घटक आला असेल त्याच प्रकारचा घटक दुसऱ्या शब्दानंतर यायला हवा. 'शी नॉट ओन्ली स्पीक्स फ्रेंच बट ऑल्सो जर्मन' या वाक्यात 'नॉट ओन्ली' नंतर क्रियापद आणि 'बट ऑल्सो' नंतर नाम आहे, म्हणून तोल गेला आहे. 'शी स्पीक्स नॉट ओन्ली फ्रेंच बट ऑल्सो जर्मन' असे केले की दोन्हीकडे नाम येते. 'ईदर-ऑर', 'नीदर-नॉर', 'बोथ-अँड' यांचीही तपासणी अशीच करावी.

जोड्या अदलाबदल करण्यासारख्या नाहीत. 'नो सूनर' बरोबर 'दॅन' येते, 'हार्डली' आणि 'स्केअर्सली' यांच्याबरोबर 'व्हेन'. हे शब्द वाक्याच्या आरंभी आले तर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते: 'नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग.' 'नॉट ओन्ली' ने वाक्य जोडताना ते आरंभी आले तरी हीच उलटापालट होते.

15. दोन कर्ते जोडल्यावर क्रियापद एकवचनी ठेवावे की अनेकवचनी?

'अँड' आणि 'बोथ-अँड' यांनी जोडलेल्या कर्त्यांना अनेकवचनी क्रियापद येते. दोन्ही नामे एकाच व्यक्तीची असतील तर मात्र एकवचनी: 'द पोएट अँड सिंगर हॅज कम' यात माणूस एक आहे, 'द पोएट अँड द सिंगर हॅव कम' यात दोन. फरक केवळ दुसऱ्या 'द' चा आहे.

'ईदर-ऑर', 'नीदर-नॉर' आणि 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' यांत क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते: 'ईदर माय ब्रदर ऑर माय पेरेंट्स आर कमिंग.' अनेकवचनी कर्ता दुसरा ठेवला तर वाक्य कानाला खटकत नाही. 'ॲज वेल ॲज' ने जोडल्यास क्रियापद पहिल्या कर्त्याप्रमाणे येते: 'द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, इज प्रेझेंट.'

16. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' ही कंजंक्शन आहेत का? त्यांच्याआधी स्वल्पविराम द्यावा का?

अर्थाने ती 'बट' आणि 'सो' यांच्याजवळची असली तरी ती क्रियाविशेषणे आहेत. 'ही, हाउएव्हर, रिफ्यूज्ड' असे 'हाउएव्हर' वाक्याच्या मध्यात सरकू शकते, 'बट' सरकू शकत नाही. ही क्रियाविशेषणे असल्यामुळे दोन पूर्ण वाक्ये केवळ स्वल्पविराम देऊन त्यांनी जोडता येत नाहीत. 'आय कॉल्ड हिम, हाउएव्हर ही डिड नॉट आन्सर' हे लेखनात फार दिसणारे सदोष वाक्य आहे. 'हाउएव्हर' च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम हवा. मोरओव्हर, कॉन्सिक्वेंटली, नेव्हरदलेस यांनाही हेच लागू आहे. 'हाउएव्हर हार्ड ही ट्राइज' म्हणजे 'त्याने कितीही प्रयत्न केला तरी'. हे 'हाउएव्हर' वेगळे असून ते गौण वाक्य सुरू करते.

17. 'अँड', 'बट' किंवा 'बिकॉज' ने वाक्य सुरू करणे अशुद्ध आहे का?

'अँड' आणि 'बट' ने वाक्य सुरू करण्यास व्याकरणाची हरकत नाही. उत्तम इंग्रजी गद्यात अशी वाक्ये पूर्वीपासून आढळतात. अति झाले तर शैली तुटक वाटते, इतकेच. 'बिकॉज' च्या बाबतीत अडचण आरंभाची नसून अपुरेपणाची आहे. 'बिकॉज आय वॉज इल.' असे लिहून पूर्णविराम दिला तर मुख्य वाक्यच राहत नाही. संवादात प्रश्नाचे उत्तर म्हणून ते चालते, निबंधात किंवा अर्जात नाही.

18. कंजंक्शनच्या आधी स्वल्पविराम केव्हा द्यावा?

कोऑर्डिनेटिंग कंजंक्शनच्या दोन्ही बाजूंना कर्ता आणि क्रियापद असलेली पूर्ण वाक्ये असतील तर आधी स्वल्पविराम द्यावा. दुसऱ्या भागात कर्ता गाळलेला असेल तर सहसा देऊ नये. गौण वाक्य आधी आले तर ते संपल्यावर स्वल्पविराम येतो. ते नंतर आले तर बहुधा लागत नाही, पण 'ऑल्दो' आणि 'व्हेअरॲज' यांच्याआधी दिलेला बरा. आशय सांगणाऱ्या 'दॅट' आधी तो देऊ नये. यादीतील शेवटच्या 'अँड' आधीचा स्वल्पविराम अमेरिकी लेखनात बराच रूढ आहे, ब्रिटिश लेखनात पुष्कळदा गाळला जातो. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी संपूर्ण लेखनात ती एकसारखी ठेवावी.

19. नकारार्थी वाक्यात 'अँड' वापरावे, 'ऑर' वापरावे की 'नॉर'?

'त्याला वाचता आणि लिहिता येत नाही' या मराठी वाक्यात 'आणि' आहे, पण इंग्रजीत दोन्ही गोष्टी नाकारायच्या असतील तर 'ऑर' येते: 'ही कॅनॉट रीड ऑर राइट.' येथे 'अँड' घातले तर दोन्ही गोष्टी एकत्रितपणे नाकारल्या जातात. 'डू नॉट ड्रिंक अँड ड्राइव्ह' या सूचनेत म्हणूनच 'अँड' योग्य आहे, कारण मनाई दारू पिऊन वाहन चालवण्याची आहे. 'नॉर' साठी 'नीदर' तरी हवे किंवा प्रश्न 3 मध्ये दाखवलेली उलटापालट तरी.

20. 'ही डिड नॉट रिझाइन बिकॉज ही वॉज इल' या वाक्याचे दोन अर्थ होतात, असे सांगतात. ते कसे?

'नॉट' चा अंमल कोठपर्यंत चालतो यावर हे अवलंबून आहे. नकार केवळ 'रिझाइन' पुरता मानला तर अर्थ होतो: त्याने राजीनामा दिला नाही, कारण तो आजारी होता. नकार 'बिकॉज' पर्यंत पोहोचतो असे मानले तर अर्थ होतो: त्याने राजीनामा दिला, पण आजारपणामुळे नव्हे. म्हणजे एका वाचनात राजीनामा दिलेला नाही आणि दुसऱ्या वाचनात दिलेला आहे. मराठीत 'आजारी असल्यामुळे त्याने राजीनामा दिला नाही' आणि 'त्याने राजीनामा दिला तो आजारी होता म्हणून नव्हे' अशी वेगळी वाक्ये होत असल्यामुळे हा धोका आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

बोलताना सुरावरून अर्थ कळतो, लिहिताना तो सुटा करावा लागतो. पहिला अर्थ हवा असेल तर गौण वाक्य आधी आणावे: 'बिकॉज ही वॉज इल, ही डिड नॉट रिझाइन.' 'बिकॉज' च्या आधी स्वल्पविराम दिल्यानेही वाचक त्याच अर्थाकडे वळतो, आणि प्रश्न 18 मधील नियमाला ही रास्त सूट आहे. दुसरा अर्थ हवा असेल तर नकार कारणाजवळ न्यावा: 'ही रिझाइन्ड, बट नॉट बिकॉज ही वॉज इल.'